ऐकू येईल असा विचार

घुमीला बोलता येत नव्हते असे नाही. विचारले की ती उत्तर देई, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या वेळात मात्र तिच्या तोंडून अक्षर बाहेर पडत नसे. शाळेत तिचे हे टोपणनाव पडले, घरच्यांनी ते विनातक्रार उचलले, आणि पुढे तिला खऱ्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. हाक मारली की ती मान वर करून पाही. ओ देण्याची गरज तिला वाटत नसे, कारण आपण ऐकले हे समोरच्याला दिसतेच आहे, असे तिचे म्हणणे असावे. तेही तिने कधी सांगितले नाही.

घराची रीतच तशी होती. वडील कवळ्या तयार करत. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवीत. वडील त्यात प्लास्टर ओतून जबडा घडवीत, त्यावर मेण चढवीत आणि एकेक दात बसवून, घासून, जुळवून घेत. बाहेरच्या खोलीतल्या फळ्यांवर असे पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. कानशीचा भुगा नाकातोंडात जातो म्हणून या कामात ओठ मिटलेले ठेवावे लागतात, आणि वडिलांनी ते कामाबाहेरही मिटलेले ठेवले होते. आई कपडे शिवी. टाचण्या ओठांत धरण्याची तिला सवय असल्यामुळे तिचे बोलणे टाचण्या संपेपर्यंत तहकूब राही, आणि टाचण्या क्वचितच संपत. थोरला मुलगा मालवाहू जहाजावर होता. तो वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर आणि उरलेला काळ झोपेत घालवी. त्याची बायको, म्हणजे घुमीची वहिनी, बसस्थानकावर उद्घोषक होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावरून सुटेल हे दिवसभर ध्वनिक्षेपकावरून सांगणे हे तिचे काम. घरात बोलणारी ती एकटीच. "या घरात तोंडं भिंतभर आहेत, पण बोलायचं ते मीच," असे ती म्हणे, आणि त्यावर कोणी काही बोलत नसे.

घुमीने संगणकाची पदवी घेतली आणि ती नोकरीच्या मुलाखती देऊ लागली. पहिल्या मुलाखतीत तिला एक प्रश्न दिला गेला. तिने तो वाचला, पांढऱ्या फळ्यासमोर काही वेळ उभी राहिली, मग मार्करने सलग उत्तर लिहून काढले आणि मार्करला टोपण लावले. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, "हे लिहिताना तुमच्या मनात काय चाललं होतं?" घुमीने फळ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "हेच."

कंपनीने कळवले की उत्तर अचूक असले तरी उमेदवाराची विचारप्रक्रिया समजू शकली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपनीने शब्द बदलले, आशय तोच ठेवला. चौथीने तर असे कळवले की उमेदवाराच्या मौनामुळे मुलाखत घेणाऱ्याला स्वतःच्याच प्रश्नाविषयी शंका येऊ लागली.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. माणसाचे श्रम विकत घेणे ही जुनी गोष्ट आहे, आणि त्या श्रमांवर नजर ठेवणे हीही जुनीच. सुताराने रंधा कसा धरला हे मालकाला दिसते, त्यासाठी सुताराला वेगळे काही करावे लागत नाही. विचार मात्र दिसत नाही. म्हणून या नव्या धंद्याने अशी प्रथा पाडली की उमेदवाराने विचार करताना तो मोठ्याने करावा. प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावा, शंका विचाराव्यात, आपण काय गृहीत धरतो ते मांडावे, आधी ओबडधोबड उपाय सांगावा, मग सुधारलेला, त्याला किती वेळ लागेल ते सांगावे, आणि शेवटी विचित्र उदाहरणे घेऊन तो तपासावा. हे सगळे न अडखळता आणि प्रसन्न मुद्रेने. या प्रथेमागे दुष्टपणा नाही. फक्त असा एक समज आहे की जे ऐकू येते तेच घडत असते.

इकडे घुमीच्या मामांचा धीर सुटत चालला होता. ते एका शीतगृहाचे व्यवस्थापक होते. तिथे आलेल्या-गेलेल्या पोत्यांची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाची जागा रिकामी झाली होती आणि ती त्यांनी भाचीसाठी अडवून धरली होती. महिनाअखेर त्यांना होय किंवा नाही हवे होते. घुमीला ती जागा नको होती. तिला प्रोग्राम लिहायचा होता, कारण प्रोग्राम हे तिला भेटलेले पहिले असे काम होते ज्यात गप्प राहणाऱ्याचे काही अडत नाही. महिन्याच्या सुरुवातीलाच आणखी एका कंपनीचे बोलावणे आले; मुलाखत महिना संपायच्या आठवड्यात होती. ही मुलाखत हुकली तर पुढची सगळी वर्षे थंडगार गोदामात पोती मोजण्यात जातील, हे घरात सर्वांना कळले. कळले म्हणजे कोणी बोलले नाही. फक्त त्या संध्याकाळी आईने मुलीचा जुना लोकरी कोट काढून उन्हाळ्यातच उसवायला घेतला, त्याला आतून आणखी एक थर लावावा म्हणून.

तो कोट पाहून वहिनीने तयारी आपल्या हातात घेतली.

"वन्सं," ती म्हणाली. चिडवायचे असले की ती नणंदेला अशी मानाने हाक मारी. "तुमच्या डोक्यातली गाडी सुटते ती थेट शेवटच्या थांब्यावर. मधले थांबे कोणी पुकारायचे?"

तिने नियम घातला की मुलाखतीपर्यंत घुमीने कोणतेही काम मुक्याने करायचे नाही. पहिल्या दिवशी घुमीने प्रयत्न केला, पण गप्प बसून ऐकणाऱ्या तीन माणसांसमोर एकटीने बोलायचे म्हणजे तिला कपडे उतरवल्यासारखे झाले. तेव्हा वहिनीने नियम वाढवला. घरात कोणीच कोणतेही काम मुक्याने करायचे नाही. सर्वांनी विचार मोठ्याने करायचा, आणि तोही मुलाखतीच्या पद्धतीने. "सगळ्यांनी?" असे वडिलांनी विचारले, आणि तेवढ्याने त्यांच्या आठवड्याभराच्या बोलण्याचा साठा संपला.

सुरुवात चहापासून झाली. घुमी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली की चहा करायचा आहे, किती जणांसाठी हे आधी विचारून घेते, चौघांसाठी धरते, भांडे रिकामे आहे हे तपासते, आणि कोणालाच चहा नको असेल तर गॅस न पेटवता परत जाते. वहिनीने शेवटच्या वाक्याला दाद दिली. मुलाखतीत नेमके हेच विसरले जाते, ती म्हणाली. आईला ते पटले नाही.

"चहा नको असेल तर नको म्हणायचं. त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन परत कशाला यायचं?"

"आई, पद्धत आहे."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, कारण पद्धत आहे म्हटल्यावर तिने आयुष्यभर पुढे विचारले नव्हते.

तिलाही बोलावे लागले. टाचण्या ओठांतून काढून चिंध्यांच्या छोट्या उशीत खोचाव्या लागल्या. त्यामुळे कामाचा वेग मंदावला आणि गप्प बसण्याचे निमित्तही गेले. वडिलांचा पहिला मोठ्याने केलेला विचार असा होता: "सुळा उंच आहे. घासतो. पुरे. नाही, अजून जरा. आता जास्त घासला गेला. हे डॉक्टरांना कळणार नाही. मला कळलं." मग त्यांनी तो सुळा उपटून टाकला आणि नवा बसवला. पूर्वी अशा वेळी ते काय करत असतील, हा प्रश्न त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या मनात आला आणि नियमाप्रमाणे तो मोठ्याने बोलावा लागला. पूर्वीही हेच करत होतो, असे वडिलांनी सांगितले. फक्त ते कोणाला माहीत नव्हते.

भांडणेही आता रीतसर होऊ लागली. एकदा वडिलांना कात्री सापडेना. ती कुठे ठेवलीस, असे त्यांनी बायकोला विचारले.

"अहो, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते," आई म्हणाली. "कात्री मी कुठं ठेवली, असं तुम्ही विचारताय. पण ती सकाळी तुम्हीच नेलीत, हे तुम्ही गृहीत धरलेलं नाही."

वडिलांनी आपले खिसे चाचपले. "मान्य. सुधारून विचारतो. मी कात्री कुठं ठेवली?"

"आता प्रश्न बरोबर आहे," आई म्हणाली. "उत्तर मला माहीत नाही."

यात हसण्यासारखे पुष्कळ होते आणि ते हसतही. तरी हे केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापिका आपली कवळी सैल झाली म्हणून थेट घरी येत. त्या आल्या तेव्हा नियम चालूच होता आणि तो गिऱ्हाइकांना लागू नाही असे कोणी ठरवले नव्हते. वडिलांनी कवळी उजेडात धरली आणि ते मोठ्याने विचार करू लागले. हिरडीकडचा भाग झिजला आहे. तो भरता येईल. दात मात्र फार पांढरे आहेत. बाईंनी त्या वेळी पांढरेशुभ्र मागितले होते. या चेहऱ्याला ते शोभणार नाहीत, बाईंना हसताना तोंडावर हात धरावा लागेल, हे तेव्हाच दिसत होते. आपण बोललो नाही. मुख्याध्यापिका बिनदातांच्या तोंडाने ऐकत होत्या. तोंडावर हात होताच.

"तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" त्यांनी विचारले. दात नसल्यामुळे ते नीट उमटले नाही, पण कळले.

वडिलांनी त्यावरही मोठ्याने विचार केला. गिऱ्हाइकाने मागितले ते द्यावे, आपण मध्ये बोलू नये, असे आपण मानत आलो. आणि याला आपण सभ्यपणा म्हणत आलो. "तपासून बघतो," ते म्हणाले, "तर तो सभ्यपणा नव्हता. मला बोलायचा कंटाळा होता." बाईंसाठी त्यांनी जरा पिवळसर दातांची नवी कवळी करायला घेतली. मुख्याध्यापिका जाताना म्हणाल्या की हे घर पूर्वी जास्त शांत होते आणि आता जास्त बरे आहे. मग जिन्यात थांबून त्यांनी दुरुस्ती केली की दोन्ही गोष्टींबद्दल त्यांची अजून खात्री नाही.

वहिनीची गोष्ट वेगळी होती. नियम तिने घातला आणि तो पाळणे तिलाच जमेना. तिच्या घशातून स्पष्ट, उंच, थांबे घेत येणारा आवाज निघे, पण तो गाड्यांचा असे. धुतलेले कपडे वाळत घालताना ती बोलायला जाई, "हा शर्ट दोरीच्या डाव्या बाजूला" इतके उद्घोषणेच्या सुरात म्हणे आणि थांबे. पुढे काय विचार चालला आहे, असे घुमीने विचारले तर म्हणे, काही नाही, गाडी उशिरा आहे. दिवसभर बोलणाऱ्या माणसाचे स्वतःचे बोलणे किती थोडे असते हे त्या घराला तेव्हा प्रथम कळले.

एका संध्याकाळी आई दाराला कडी लावत होती. "कडी लावते," ती म्हणाली. "लागली. लागलेली दिसतेय. तरी पुन्हा बघते. का बघते? पहिल्यांदा बघते ते चोरासाठी. दुसऱ्यांदा बघते ते तो जिन्यात उभा असला तर, म्हणून."

तो म्हणजे जहाजावरचा मुलगा. वहिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"आई, तो या महिन्यात येणार नाहीये. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर दोनदाच बघते."

वहिनीने हात पुसले आणि ती बोलू लागली. आवाज उद्घोषणेचा नव्हता. तो खाली बसलेला होता आणि मध्येच तुटत होता. नवऱ्याचा फोनवरचा आवाज आपल्याला आठवतो, ती म्हणाली, पण खोलीतला आवाज आठवत नाही. तो दारातून आत येऊन काय म्हणतो, ते शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. हे कोणाला सांगावे हे कळत नव्हते, आणि सांगण्यासारखे आहे का हेही. वडील कानस हातात धरून ऐकत राहिले. त्यांनी त्या वेळी कोणताही विचार मोठ्याने केला नाही आणि नियम मोडला म्हणून त्यांना कोणी टोकलेही नाही.

घुमी मात्र सुधारत होती. स्वयंपाकघरातल्या फरशांवर मार्करने प्रश्न लिहून ती ते बोलत बोलत सोडवी. घरचे लोक जेवणाच्या टेबलाशी बसून परीक्षक होत. तिने प्रश्न पुन्हा सांगितला का, गृहीतके मांडली का, मध्येच गप्प झाली का, हे ते काटेकोरपणे पाहत. उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासण्याइतके ज्ञान त्यांच्यापैकी कोणाला नव्हते, म्हणून ते तपासले जात नसे. पुढे पुढे घुमीही ते तपासणे विसरली. वहिनी टाळ्या वाजवी, वडील मान हलवीत, आणि फरशा पुसल्या जात. या तयारीत एवढीच एक उणीव होती.

महिनाअखेरीच्या आधी मामा उत्तर मागायला आले. वहिनीने त्यांना दारातच नियम समजावून सांगितला. मामांनी तो चेष्टेवारी नेला, पण खुर्चीत बसताना त्यांच्यावरही त्या घराच्या हवेचा परिणाम झाला असावा.

"मी इथं विचारायला आलोय," ते म्हणाले. "भाचीबाई नाही म्हणतील असं गृहीत धरतो. तर मग जागा कोणाला जाईल? माझ्या जावयाला जाईल. मुलगी माझ्या मागे लागली आहे. जावई माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर बसला तर मला रक्तदाब होईल. म्हणून मी भाचीला…" येथे ते थांबले आणि आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले. खोलीत कोणी हसले नाही, ही त्यांच्यावर केलेली दया होती.

"अरे, मग इतके दिवस उपकाराची भाषा कशाला?" आईने भावाला विचारले.

"ताई, ती माझी पहिली ओबडधोबड मांडणी होती," मामा म्हणाले. मामांना ही पद्धत पहिल्याच दिवशी साधली होती.

मुलाखत त्याच आठवड्यात झाली. काचेची खोली, पांढरा फळा, आणि समोर एक तरुण इंजिनिअर. तो स्वतः नोकरीला लागून फार काळ झाला नसावा; त्याच्या लॅपटॉपवर गुण देण्याचा तक्ता उघडा होता. त्याने प्रश्न दिला. माणसे एका रांगेत उभी आहेत, त्यांच्या उंचीचे आकडे दिले आहेत. प्रत्येकासाठी, त्याच्या पुढे उभ्या असलेल्यांपैकी त्याच्याहून उंच असा पहिला माणूस शोधायचा.

घुमी बोलू लागली. तिने प्रश्न आपल्या शब्दांत सांगितला. रांगेत कोणीच नसेल तर काय, हे विचारले. ओबडधोबड उपाय मांडला आणि तो का नको हे सांगितले. मग सुधारलेला उपाय लिहिता लिहिता तो असा समजावला की काचेपलीकडून जाणारा एक माणूस ऐकण्यासाठी थांबला. ती एकदाही अडखळली नाही. मुद्रा प्रसन्न होती. तरुण इंजिनिअर भराभर टाइप करत होता, आणि शेवटी तो म्हणाला की इतकी स्पष्ट विचारप्रक्रिया त्याने आजवर ऐकली नव्हती. त्याने फळ्याचा फोटो काढून घेतला.

घुमी लिफ्टमध्ये शिरली. आत कोणी नव्हते. पोलादी दार बंद झाले आणि तिच्या समोर तिच्याच उंचीची एक मुलगी उभी राहिली. घुमी तिच्याकडे पाहत राहिली. बरोबर आपल्याइतकी, तिच्या मनात आले, उंच नाही. आणि आपल्या प्रोग्रामने हिला उंच ठरवले असते.

सारख्या उंचीची दोन माणसे आली की फळ्यावरचे उत्तर चुकत होते. चूक लहान होती, एका चिन्हाची, परंतु चुकीला लहानपणाची सवलत नसते. बोलताना तिने "उंच किंवा तेवढाच" असे म्हटले होते आणि ते वाक्य कानाला इतके सुबक लागले की ते खरे आहे का हे तिने पाहिले नाही. लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार उघडले, आणि ती पुन्हा वर गेली.

काचेच्या खोलीत तोपर्यंत पुढचा उमेदवार बसला होता. तरुण इंजिनिअरने नुकताच रांगेतल्या माणसांचा प्रश्न त्याला वाचून दाखवला होता. दार ढकलून घुमी आत आली. ती कोणाशी बोलली नाही. तिने मार्कर घेतला, फळ्यावर पुन्हा सगळे लिहून काढले, या वेळी योग्य चिन्हासह, आणि त्याखाली सारख्या उंचीच्या दोघांचे उदाहरण लिहिले. तेवढा वेळ खोलीत फक्त मार्करचा आवाज होता. तरुण इंजिनिअरला तो सहन झाला नाही.

"तुम्ही आत्ता काय विचार करताय?" त्याने विचारले.

घुमीने डावा हात वर करून त्याला थांबवले आणि लिहिणे पुरे केले.

"माझाही प्रश्न हाच होता," पुढचा उमेदवार खुर्चीतून म्हणाला. तो फळ्याकडे पाहत होता. "आता मला दुसरा द्यावा लागेल."

प्रश्न फुटला, हे तरुण इंजिनिअरच्या ध्यानात आले, आणि तो आपल्या वरिष्ठ बाईंना बोलावून घेऊन आला. त्या वयाने मोठ्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती. कंपनीच्या नियमाप्रमाणे मुलाखत संपल्यावर उमेदवाराला परत आत येता येत नाही, हे त्यांनी घुमीला सांगितले. हा नियम घुमीला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी काय केले असते हे तिला सांगता आले नाही. बाईंनी फळा वाचला, मग लॅपटॉपवरचा पहिला फोटो पाहिला.

"पहिलं चुकलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"लिफ्टमध्ये."

"तिथं स्वतःशी काय बोललात?"

"काही नाही," घुमी म्हणाली. "तिथं ऐकायला कोणी नव्हतं."

दुसऱ्या उमेदवाराला दुसरा प्रश्न देण्यात आला. तो त्याला पाठच होता.

घरी आल्यावर घुमीने झाले ते सगळे सांगितले, आणि नियमाप्रमाणे सर्वांनी आपापला विचार मोठ्याने केला. परत जायला नको होते, असे वहिनीला वाटले. जायलाच हवे होते, असे वडिलांना वाटले. चुकीचा दात आपल्या हातून गेला म्हणजे तो दुसऱ्याच्या तोंडात राहतो, ते म्हणाले. आईने दोन्ही बाजू ऐकल्या आणि लोकरी कोटाचे उरलेले काम पुरे करायला घेतले. कोट तयार असावा, तिने मोठ्याने म्हटले, लागला तर लागेल.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंचा फोन आला. घुमीला नोकरी मिळाली होती. निर्णय कसा झाला हेही बाईंनी सांगितले, कारण त्यांना ते सांगावेसे वाटले. तरुण इंजिनिअरने होकार दिला तो पहिल्या वेळच्या बोलण्यासाठी. परत येऊन प्रश्न फोडला हा गंभीर दोष आहे, पण बोलणे असामान्य होते, असे त्याचे मत. बाईंनी होकार दिला तो दुसऱ्या वेळी ती परत आली आणि तिने गप्प राहून काम केले म्हणून. पहिल्या वेळचे बोलणे त्यांना पोकळ वाटले होते. तक्त्यात कारण लिहायची जागा एकच होती आणि तिथे दोघांचे एकमत होईना. शेवटी त्यांनी ती जागा मोकळी सोडली. संगणकाने ते चालवून घेतले.

घुमीने विचारले की कोणते उत्तर धरले आहे.

"पहिलं," बाई म्हणाल्या. "दुसरं नियमात बसत नाही."

"पहिलं चूक आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "येताय ना तुम्ही?"

संस्था माणसाला कोणत्या कारणाने आत घेते आणि माणूस कोणत्या कारणाने तिथे योग्य असतो, यांचा मेळ बसतोच असे नाही. बहुतेक माणसे ही विसंगती माहीत नसताना कामावर जातात. घुमी ती माहीत असताना गेली. तिने होय म्हटले आणि फोन ठेवला. शीतगृहातली जागा मामांच्या जावयाला मिळाली.

कामाची जागा म्हणजे एक लांब खोली होती. टेबलांच्या रांगा, संगणकांचे पडदे, आणि प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन. कोणी कोणाशी बोलत नव्हते. काही विचारायचे असले तर शेजारच्या टेबलावरच्यालाही लिहून विचारत. पहिल्या दिवशी घुमीला प्रोग्राममधली एक लहानशी चूक शोधायला देण्यात आली. ती पडद्यासमोर बसली, हात कळफलकावर ठेवले, आणि गेल्या काही आठवड्यांच्या सवयीने तिचे ओठ हलू लागले. आधी प्रश्न माझ्या शब्दांत सांगते, ती हळू आवाजात म्हणाली. मी असे गृहीत धरते की…

शेजारच्याने हेडफोन काढून तिच्याकडे पाहिले. तो मुलाखत घेणारा तरुण इंजिनिअरच होता.

"जरा मनातल्या मनात विचार कराल का?" तो म्हणाला. "मला काही सुचत नाही."

घुमीने मान हलवली. तिने तोंड मिटले, आणि दुपारच्या आत ती चूक तिला सापडली.